कॅज्युअल्टी मोठी करू नका

बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत ७ जून २०२५ रोजी जे घडलं, ते सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. बकरी ईदची सुट्टी होती. आरोग्यमंत्री विश्वजित राणे कॅमेऱ्यासकट आत आले, ड्युटीवरच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याला रुग्णांदेखत खडसावलं आणि जागच्या जागी निलंबित करायला सांगितलं. तक्रार काय होती? एका वयस्कर बाईंना बी-१२चं इंजेक्शन हवं होतं आणि ते कॅज्युअल्टीचं काम नाही, आरोग्य केंद्रात घ्या, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी निलंबन होणार नाही असं जाहीर केलं, डॉक्टर एकवटले, मंत्र्यांनी माफी मागितली. प्रकरण मिटलं.

मिटायला नको होतं. मंत्र्यांच्या भाषेवर दोन-चार दिवस भरपूर बोललं गेलं, ते योग्यच झालं. पण सुट्टीमुळे ओपीडी बंद असताना त्या बाईंनी इंजेक्शन घ्यायचं कुठे, हे कोणी विचारलं नाही. डॉक्टरांचं बरोबर होतं. बाईंचंही बरोबर होतं. दोन मिनिटांच्या इंजेक्शनसाठी राज्यातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयाची अपघाताची खोली गाठावी लागते, कारण सुट्टीच्या दिवशी तेवढाच एक दरवाजा उघडा असतो. हा दोष दूर करणं ज्यांच्या हातात आहे, तेच त्या दिवशी कॅज्युअल्टीत उभे राहून ओरडत होते.

समोर उभा असेल त्याच्यावर ओरडायचं, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यातली १२ नवजात बाळं होती. पुढच्या दिवशी आकडा ३१ वर गेला. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील तिथे गेले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं. शौचालय घाण होतं, हे खरंच. पण ती बाळं घाण शौचालयामुळे नांदेडला आलेली नव्हती. सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या परिघात एवढ्या मोठ्या उपचारांची दुसरी जागाच नाही, हे रुग्णालयाने स्वतः सांगितलं होतं. लागून सुट्ट्या होत्या. बाहेरून शेवटच्या अवस्थेत आणलेले रुग्ण होते. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा हिशोब मागितला. झाडूच्या दृश्यापेक्षा तो हिशोब महत्त्वाचा होता. लोकांच्या लक्षात मात्र झाडूच राहिला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठाण्याला कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात १८ मृत्यू झाले. शेजारचं सिव्हिल नव्या इमारतीसाठी हलवलेलं होतं आणि त्याचा भार कळव्यावर आला होता. तरी पहिला प्रश्न विचारला गेला तो त्या रात्री ड्युटीवर कोण होतं, हाच.

दरवेळी घोषणा एकच होते: कॅज्युअल्टीचा विस्तार करू. नवी इमारत, वाढीव खाटा, वातानुकूलित प्रतीक्षागृह, कोनशिला. मी सरळ सांगतो, विस्तार करू नका. कॅज्युअल्टीतली गर्दी कॅज्युअल्टीची नसतेच. ती वरच्या मजल्यावरच्या वॉर्डाची असते आणि तालुक्याच्या रुग्णालयाची असते. मोरी तुंबली म्हणून बादली मोठी आणण्यात अर्थ नाही.

लोकांचा समज असा असतो की सर्दी-खोकल्यावाले, मलमपट्टीवाले, बी-१२वाले येऊन गर्दी करतात. 'फालतू केसेस' हा शब्द डॉक्टरांच्या तोंडीही सर्रास असतो. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात शंभराहून जास्त आपत्कालीन विभागांचा अभ्यास झाला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ तासांत किरकोळ तक्रारींचे दहा रुग्ण जास्त आले, तर इतर रुग्णांचा मुक्काम किती वाढतो? सरासरी पाच-सहा मिनिटं. कॅनडा म्हणजे मराठवाडा नव्हे, हे मलाही कळतं. पण कारण इथेही लागू पडतं. किरकोळ रुग्ण खुर्चीवर बसतो, गोळी घेतो, घरी जातो. तो ट्रॉली अडवत नाही, ऑक्सिजनचा पॉइंट अडवत नाही, सिस्टरचे सहा तास घेत नाही.

हे सगळं ज्याच्यामुळे अडतं, तो रुग्ण खरोखरच गंभीर असतो. काल संध्याकाळी फवारणीचं औषध पोटात गेलेला शेतकरी येतो. कॅज्युअल्टीत त्याचं पोट धुतलं जातं, अॅट्रोपिन सुरू होतं, श्वासनलिकेत नळी पडते. तिथलं काम तासा-दीड तासात झालेलं असतं. पण आयसीयूत खाट नाही. म्हणून तो तिथेच राहतो, आणि व्हेंटिलेटर मोकळा होईपर्यंत त्याचा भाऊ शेजारी बसून हाताने अँबू बॅग दाबत राहतो. रात्रभर. ज्यांनी सरकारी रुग्णालयात एक रात्र काढली आहे, त्यांना हे नवं नाही. असे पाच रुग्ण अडकले की पाच ट्रॉली गेल्या. मग बाहेर रिक्षातून उतरवलेल्या, छातीत कळ आलेल्या माणसाला टेकायला भिंत उरते.

नीती आयोगाने दिल्लीच्या एम्सकडून देशभरातल्या शंभर रुग्णालयांची पाहणी करून घेतली, अहवाल २०२१ मध्ये आला. सरकारी रुग्णालयांत भरती होणाऱ्यांपैकी १९ ते २४ टक्के रुग्ण आपत्कालीन किंवा अपघाताचे. आणि त्यांच्यासाठी राखलेल्या खाटा एकूण खाटांच्या ३ ते ५ टक्के. हे वाचून कोणी म्हणेल, मग वाढवा की खाटा कॅज्युअल्टीत. वाढवल्या तर तिथे आणखी दहा जण अडकतील, एवढंच. कॅज्युअल्टीच्या खाटेवर रुग्णाला स्थिर करायचं असतं, मुक्कामाला ठेवायचं नसतं. तिथून वर जायचा रस्ता मोकळा हवा.

आता वर जाऊन पाहू. मेडिसिनच्या वॉर्डात पावसाळ्यात दोन खाटांच्या मधल्या जागेत गाद्या टाकलेल्या असतात. त्याच इमारतीत दुसऱ्या एखाद्या विभागाच्या वॉर्डात खाटा रिकाम्या असतात, कारण खाट रुग्णालयाची नसते, विभागाची असते आणि विभागातही युनिटची असते. ती दुसऱ्याला दिली तर परत मिळणार नाही, अशी भीती. ही मालकी मोडली पाहिजे. डेंगी आणि लेप्टोच्या दोन महिन्यांत सगळ्या रिकाम्या खाटांचा ताबा एकाच अधिकाऱ्याकडे असावा. त्याने ठरवावं, विभागप्रमुखांनी ऐकावं. याला पैसा लागत नाही, फक्त अधिष्ठात्याने चार माणसांची नाराजी अंगावर घ्यावी लागते.

आणि डिस्चार्ज. माझं बोट मी सगळ्यात जोरात इथे ठेवीन. सकाळी राउंडला मोठे डॉक्टर म्हणतात, यांना सोडा. त्या क्षणी ती खाट कागदावर मोकळी झाली. प्रत्यक्षात इंटर्न कार्ड लिहायला बसतो तेव्हा त्याच्यापुढे आधी रक्ताचे नमुने असतात. मग कार्डावर रेसिडेंटची सही. मग औषधांच्या खिडकीची रांग. जनआरोग्य योजनेतला रुग्ण असेल तर त्या टेबलावरचे कागद. मग गावाकडून गाडी यायची. संध्याकाळचे पाच वाजतात. तोवर कॅज्युअल्टीत तीच खाट मिळण्याची वाट पाहणारा माणूस सकाळपासून ट्रॉलीवर आहे. रविवारी तर राउंड घाईत उरकतो, सोडायचा निर्णय सोमवारवर जातो, आणि सोमवारी ओपीडीची गर्दी वरून कोसळते. काही जण तर बरे होऊन केवळ एका तपासणीची तारीख यायची म्हणून खाटेवर पडून असतात, कारण घरी गेलं तर नंबर जाईल.

यावर उपाय आहे तो अगदी साधा. उद्या कोणाला सोडायचं ते आदल्या संध्याकाळी ठरवा. कार्ड रात्रीच लिहून ठेवा. सकाळी अकराच्या आत खाट मोकळी. सोडलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक गाडी येईपर्यंत बसतील अशी एक खोली, तिथे एक सिस्टर, पंखा, पाणी. रविवारी सोडण्याचा अधिकार असलेला एक वरिष्ठ डॉक्टर. हे करणाऱ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी आपोआप मोकळी होईल असं मी म्हणत नाही. पण हे न करता बांधलेली प्रत्येक नवी इमारत वर्षभरात जुनीसारखीच भरलेली दिसेल, हे मी खात्रीने सांगतो.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक इथल्या विद्यापीठ रुग्णालयाने २००१ मध्ये एक नियम केला. आपत्कालीन विभाग भरून वाहू लागला की भरती ठरलेले रुग्ण प्रत्येक वॉर्डाने एक-एक असे वाटून घ्यायचे, खाट नसेल तर वॉर्डाच्या मार्गिकेत. सगळे तीस रुग्ण एका खोलीत कोंबण्यापेक्षा दहा वॉर्डांनी प्रत्येकी तीन सांभाळणं सुरक्षित, हा त्यामागचा विचार. आणि डोळ्यांसमोर मार्गिकेत रुग्ण दिसला की वॉर्डाला डिस्चार्ज सुचतो. आपल्याकडे वॉर्डाची जमीन आधीच भरलेली आहे, त्यामुळे तो नियम जशाच्या तसा उचलता येणार नाही. पण तुंबलेल्या कॅज्युअल्टीची जबाबदारी पूर्ण रुग्णालयाची, हे तत्त्व उचलता येतं.

ब्रिटनने ते आकड्यात बांधलं. आपत्कालीन विभागात आलेला रुग्ण चार तासांत भरती झाला पाहिजे, पुढे पाठवला गेला पाहिजे किंवा घरी गेला पाहिजे. २००४च्या सुमारास ९८ टक्के रुग्णांसाठी हे लक्ष्य होतं, २०१० मध्ये ते ९५ टक्के झालं. जुलै २०१५ नंतर इंग्लंडला तेही गाठता आलेलं नाही, आणि स्टॅफर्डच्या रुग्णालयात आकडे जपण्याच्या नादात रुग्णांचे किती हाल झाले, ते २०१३च्या चौकशी अहवालात सविस्तर आहे. आकड्याची अशी सक्ती मला नको आहे. पण आकडा मोजला जावा आणि लोकांना दिसावा, एवढं तरी हवंच. आपल्याकडे कॅज्युअल्टीत बारा तास पडलेला रुग्ण कुठल्याच तक्त्यात नसतो.

हा झाला वरचा रस्ता. आता खालचा.

'पुढं घेऊन जा.' महाराष्ट्रातल्या आजारी माणसाने सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं हे वाक्य असेल. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून उपजिल्हा, तिथून सिव्हिल, तिथून घाटी, मेडिकल, सीपीआर असं एखादं मोठं रुग्णालय. प्रत्येक ठिकाणी एक केसपेपर, एक सलाइन, एक चिठ्ठी. कारण ग्रामीण रुग्णालयात तीस खाटा असतात, शस्त्रक्रियेची खोली असते, भूलतज्ज्ञ नसतो. स्त्रीरोगतज्ज्ञ असला तर दिवसा असतो. रात्री दहानंतर सिझेरियन करायचं झालं तर जिल्ह्याच्या गावाकडे गाडी काढण्याला पर्याय नाही. चिठ्ठी लिहिणारा पुढच्या रुग्णालयाला फोनही करत नाही, आणि केला तर तो उचलण्याची जबाबदारी कोणाची हे ठरलेलं नाही.

सिंधुदुर्गाचं उदाहरण घ्या. दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले इथल्या गंभीर रुग्णांना वर्षानुवर्षं बांबोळीचाच आधार आहे. परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावण्याचा निर्णय गोव्याने २०१८ मध्ये अमलात आणला तेव्हा दोडामार्गात आंदोलन पेटलं, कारण लोकांना दुसरी जागाच नव्हती. गोव्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. आपल्या जिल्ह्याचा भार शेजारच्या राज्याच्या कॅज्युअल्टीने किती दिवस वाहायचा? आणि दोडामार्गाची १०८ रुग्णवाहिका एका रुग्णाला घेऊन बांबोळीला गेली की परत येईपर्यंत तालुक्यातल्या पुढच्या अपघाताला गाडी कुठून यायची? २०१४ मध्ये राज्याने ९३७ रुग्णवाहिकांसह ही सेवा सुरू केली. डॉक्टर असलेली गाडी एका फोनवर दारात येते, ही महाराष्ट्राने केलेली फार चांगली गोष्ट आहे. तिला केवळ रेफर रुग्णांची वाहतूक करायला लावू नका.

यातलं काहीही नवं नाही, हे मला जास्त छळतं. ८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचा शेतमजूर मथुरापूर स्टेशनवर गाडीतून पडला, डोक्याला मार लागला. प्राथमिक केंद्राने पुढे पाठवलं. कोलकात्यातल्या एकामागून एका सरकारी रुग्णालयाने खाट नाही, सोय नाही म्हणत परत पाठवलं. शेवटी खाजगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये भरून तो वाचला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे १९९६ मध्ये निकाल लागला: तातडीचे उपचार नाकारणं म्हणजे जगण्याच्या हक्काचा, राज्यघटनेच्या कलम २१चा भंग. न्यायालय भरपाईवर थांबलं नाही. प्राथमिक केंद्रांत रुग्णाला स्थिर करण्याची सोय करा, जिल्हा आणि उपविभागीय रुग्णालयांत गंभीर रुग्ण सांभाळण्याची क्षमता आणा, आणि कुठे खाट मोकळी आहे हे राज्य पातळीवर एका जागी कळेल अशी यंत्रणा उभी करा, म्हणजे रुग्ण थेट तिथेच जाईल. १९९६ साली, मोबाइल सगळ्यांच्या हाती नव्हते तेव्हा, न्यायमूर्तींना सुचलेली ही गोष्ट आहे.

अशक्य म्हणू नका, आपण ती केलेली आहे. कोविडच्या काळात जून २०२० पासून मुंबईच्या चोवीसही प्रभागांत वॉर रूम बसल्या. खाटेसाठी रुग्णालयांचे दरवाजे ठोठावायचे नाहीत, वॉर रूमला फोन करायचा आणि ती सांगेल तिथे जायचं. त्यातही चुका झाल्या, लोक ताटकळलेही. पण महानगरातल्या खाटा एका फळ्यावर आणता येतात, हे सिद्ध झालं. मग लातूर, गडचिरोली, नंदुरबारच्या खाटा एका फळ्यावर का नकोत? साथ ओसरली आणि आपण ते शहाणपण बासनात बांधून ठेवलं.

आणि खालचा दरवाजा उघडा असला तर काय होतं, तेही आपल्याच मातीत घडलेलं आहे. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावलेली धडधाकट मुलं डोळ्यांदेखत दगावत होती. हा डॉक्टर रात्रभर रुग्णाशेजारी बसला, नोंदी ठेवल्या, हृदयावर आणि फुप्फुसावर काय परिणाम होतो ते लिहून काढलं आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग जगाला दाखवून दिला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचं काम छापलं. विंचूदंशाचे मृत्यू चाळीस टक्क्यांवरून एक टक्क्यापर्यंत खाली आले. मोठ्या शहराच्या कॅज्युअल्टीची वाट न धरता हे रुग्ण महाडातच वाचू लागले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येक केंद्रात बावस्कर मिळणार नाहीत. पण रात्री जागा असलेला एक डॉक्टर, सर्पदंशावरचं प्रतिविष, ईसीजीचं यंत्र, आणि जिल्ह्याच्या तज्ज्ञाला करायचा एक फोन, एवढं मिळू शकतं. त्या डॉक्टरला राहायला गळकं नसलेलं घर आणि वेळेवर पगार दिला, तर तो टिकतोही.

कॅज्युअल्टीतल्या माणसांबद्दल एकच सांगतो. २००९ मध्ये भारतात आपत्कालीन वैद्यकशास्त्राला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली. तरी आपल्या बहुतेक जिल्ह्यांत रात्री कॅज्युअल्टी सांभाळतो तो इंटर्न किंवा नवा वैद्यकीय अधिकारी. त्याला पोलिसांचे एमएलसीचे कागद भरायचे असतात, दारू प्यायलेल्याची समजूत काढायची असते, आणि दारात आलेल्या तिघांपैकी कोणाला आधी पाहायचं ते ठरवायचं असतं. लाल, पिवळा, हिरवा असे गट पाडणारी प्रशिक्षित सिस्टर दरवाज्यातच बसवा. अनुभवी माणूस अगदी पुढे हवा. ड्युटीवरच्या डॉक्टरवर हात टाकणाऱ्या नातेवाइकांचा राग मला समजतो, पण त्यांनी धरलेली कॉलर चुकीची असते. तीच चूक मंत्री आणि खासदार करतात तेव्हा तिला माफी नाही.

तुमच्या आमदाराला येत्या अधिवेशनात एवढंच मागायला सांगा. जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयाने रोज सकाळी नऊ वाजता दोन आकडे दारावरच्या फळ्यावर लिहावेत: भरती ठरूनही सहा तासांपेक्षा जास्त वेळ कॅज्युअल्टीत पडून असलेले रुग्ण किती, आणि काल रात्री दहानंतर तालुक्यातून पुढे पाठवलेले किती. त्याला निविदा लागत नाही, कोनशिला लागत नाही. खडूचा एक तुकडा पुरतो. तो फळा लागला नाही, तर निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला दारातच विचारा.